खारा वारा आणि भात: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वादळ येऊन गेलं की दोन दिवसांनी फोन सुरू होतात, "भात पांढरं पडलंय, शेंडे करपलेत, काय मारू?" आणि निम्म्या लोकांनी तोपर्यंत दुकानातून काहीतरी आणून मारलेलं पण असतं. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय. अलिबागच्या खारेपाटातली खाचरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण मुरुड, श्रीवर्धन, गुहागर, मालवण, खाली गोव्यातल्या खाजनापर्यंत (तिथली बांध घालून राखलेली खारजमीन) बऱ्यापैकी लागू पडेल.

खारा वारा म्हणजे नक्की काय? समुद्राचा वारा तर आपल्याकडे रोजच येतो की.

येतो, आणि त्यात थोडं मीठ रोजच असतं, खिडकीच्या गजांना विचारा. पण एरवी ते नुकसान करण्याएवढं नसतं. वादळात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे लाटा फुटून पाण्यात हवा मिसळते, फेस होतो, त्या फेसातला एकेक बुडबुडा फुटताना बारीक थेंब वर उडवतो. दुसरं म्हणजे वारा जोराचा झाला की लाटेचा माथाच कापून नेतो, मग थेंब मोठे असतात आणि भरपूर असतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. थेंबातलं पाणी वाटेत उडून जातं, मीठ राहतं, आणि हे चिकट खारट दमट काहीतरी घरावर, गाडीवर, आंब्यावर, भातावर बसतं. पावसाशिवाय जोराचा वारा आला तर सकाळी बाईकच्या सीटवर हात फिरवा, बोट चाटून बघा, सगळं कळतं.

म्हणजे हे खारजमिनीसारखंच ना? उधाणाचं पाणी शिरतं तसं?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. उधाणाला बांध फुटला, खांड पडली किंवा उघाडीची झडप नीट बसली नाही, की खारं पाणी खाचरात येतं आणि मीठ मुळातून शिरतं. भाताला जमिनीतला क्षार फारसा सोसत नाही, मातीची ईसी (खारटपणा मोजायचा आकडा) ३ च्या वर गेली की उत्पन्न घसरायला लागतं आणि पुढे दर एका अंकाला साधारण १२ टक्के जातं, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. तिथे उपाय काय करायचा ते आपल्या आजोबांना पण माहीत होतं, पाणी बाहेर काढा, गोडं पाणी आत घ्या, परत काढा.

खाऱ्या वाऱ्यात जमिनीला तसं काहीच होत नाही. मीठ वरून येतं, पानावर आणि लोंबीवर बसतं. जमिनीवर पडतं ते इतकं थोडं असतं की आपल्याकडच्या पावसापुढे (रायगडात वर्षाला सरासरी ३००० मि.मी.च्या आसपास) ते टिकतच नाही. तुमची जमीन एकदम गोडी असेल, समुद्राचं पाणी कधी बघितलं नसेल, तरी खारा वारा तुमचं भात घालवू शकतो. मोठ्या वादळात दोन्ही एकदम होतात तेव्हा तर काय कशामुळे गेलं तेच कळत नाही.

पानावर थोडं मीठ बसलं तर भाताला एवढं काय होतं?

पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी आठवा. झाकण उघडं राहिलं की मिठाला पाणी सुटतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पानावर पण हेच चालतं, दुपारी वाळून पांढरी पूड, रात्री परत ओला खारट थर. म्हणजे "वाळलं, आता काय होणार नाही" असं नसतं, उलट दर रात्री ते नव्याने आत शिरायला तयार होतं.

आता भाताचं पान तसं हुशार असतं, त्यावर मेणाचा थर असतो, थेंब अळूच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळतो. पण वादळात पानं एकमेकांवर घासतात, टोकं फाटतात, चिरतात, आणि त्या बारीक जखमांतून मीठ सरळ आत जातं. आत गेलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढतं आणि सोडियम-क्लोराइड साठून पानाचं काम थांबवतं. टोकापासून पान पांढरट-तांबूस होत खाली वाळत येतं.

लोंबीचं तर त्याहून वाईट. नुकती बाहेर पडलेली लोंबी म्हणजे नुकतं जन्मलेलं पोर, साल पातळ, मेण कमी, वर तुसावर बारीक कूस असते ती थेंब धरून ठेवते. त्यात जोराचा वारा तिचं पाणी उडवत असतो आणि मुळांना तेवढं वर चढवता येत नाही. लोंबी वाळते, पांढरी पडते, आणि पांढऱ्या लोंबीत नंतर काही भरत नाही.

कुठल्या स्टेजला जास्त मार बसतो?

निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना. हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

नीट सांगायचं तर, राबात (रोपवाटिकेत) रोप असताना कोवळं असतं, मार बसतो, पण तेव्हा हातात वेळ असतो, परत पेरता येतं, शेजाऱ्याकडून रोप मागता येतं. लावणीनंतर फुटवे फुटायच्या काळात पानं जळली तरी नवीन पानं येतात, झाड स्वतःला सावरून घेतं, पंधरा दिवसांनी बघितलं तर काही झालं होतं हे सांगावं लागतं. पोटरीत असताना लोंबी पानाच्या घडीत झाकलेली असते, थोडी वाचते. पण लोंबी बाहेर पडली, फुलोरा आला, त्या आठ-दहा दिवसांत खारा वारा लागला तर दाणाच धरत नाही, सगळं पळींज, म्हणजे पोचट. त्यानंतर दूध भरायचा काळ, तिथे दाणा मरत नाही पण बारीक राहतो, कारण दाणा भरणारी वरची दोन-तीन पानं जळालेली असतात आणि त्यातलं लोंबीच्या बुडाशी असतं ते शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं. दाणा कडक झाला, पिवळं पडलं, की मिठाचं भय जवळजवळ संपलं. तिथून पुढे भय आडवं पडण्याचं आणि कोंब फुटण्याचं.

म्हणूनच एकाच वाऱ्यात तुमचं हळवं (लवकर येणारं) भात वाचतं आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचं गरवं (उशिरा येणारं) जातं, किंवा उलट. नशीब नाही, तारीख.

उत्पन्न किती घटतं? एक आकडा सांगा ना.

एक आकडा नाही सांगता येत, पण हिशोब कसा करायचा ते सांगतो, तुम्हीच काढा. समजा चौरस मीटरला २५० लोंब्या आहेत, लोंबीला १०० दाणे, त्यातले ८५ भरलेले, आणि हजार दाण्यांचं वजन २४ ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला ५१० ग्रॅम, गुंठ्याला ५१-५२ किलो. आता खारा वारा लागला, लोंब्या तेवढ्याच आहेत, शेत बांधावरून बरं दिसतंय, पण भरलेले दाणे ८५ चे ६० झाले आणि हजाराचं वजन २४ वरून २२ वर आलं. किती झालं? चौरस मीटरला ३३० ग्रॅम, गुंठ्याला ३३ किलो. म्हणजे ३५ टक्के गेलं आणि बांधावरून ते दिसलंच नाही.

हीच या नुकसानीची खोड आहे. पुराने गेलेलं भात सगळ्यांना दिसतं, फोटो येतो. खाऱ्या वाऱ्याने गेलेलं भात झोडताना कळतं, वारं दिलं की निम्मं उडून जातं तेव्हा. वर गिरणीत अजून एक फटका असतोच, अर्धवट भरलेला दाणा खडूसारखा पांढरा आणि ठिसूळ असतो, त्याची कणी जास्त होते. (उकडा करणाऱ्यांना हा फटका कमी बसतो, उकडल्यावर दाणा घट्ट होतो. सुरय (न उकडलेला तांदूळ) खाणाऱ्यांनी काय करावं, पेज करावी.)

पाऊस आला की मीठ धुऊन जातं म्हणतात, खरंय का?

शंभर टक्के खरं, आणि आपण कोकणातले लोक त्याच्यावरच जगतोय. वादळासोबत किंवा लगेच मागून चांगला पाऊस झाला तर मीठ बसायच्या आधीच वाहून जातं. नुकसान होतं ते वारा जोराचा आणि पाऊस नावाला असेल तेव्हा, किंवा आधी पाऊस झाला, मग पाऊस थांबला आणि वारा मात्र समुद्राकडून वाहत राहिला तेव्हा. वर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की विषयच संपला.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण जपानमधलं आहे. ऑगस्ट २००४ मध्ये एक टायफून (त्यांच्या मोजणीत त्या वर्षीचं १५ नंबरचं) जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्रातून वर सरकलं. यामागाता आणि आकिता या भागांत किनाऱ्यालगतचं भात तेव्हा नुकतंच निसवलेलं होतं, वारा समुद्रावरून, पाऊस कमी. दोनतीन दिवसांत लोंब्या पांढऱ्या-तांबूस झाल्या, आणि तो भाग म्हणजे त्यांचा नावाजलेला भाताचा मुलूख. दक्षिण कोरियात २०१२ च्या ऑगस्टअखेरीस बोलावेन वादळात असंच झालं, पांढऱ्या लोंब्यांची शेतंच्या शेतं. जपानी लोकांकडे या नुकसानीला स्वतंत्र शब्द आहे, पूर वेगळा, वारा वेगळा, खारा वारा वेगळा. आपल्याकडे सगळं "अवकाळीने नुकसान" या एकाच रकान्यात.

मग निसर्ग वादळाच्या वेळी भाताचं काहीच कसं झालं नाही?

कारण भात होतंच कुठे शेतात? निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी, पोफळी, आंबा, सुरू, घरांची कौलं, पत्रे, सगळं गेलं, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. पण भाताचे राब भाजून ठेवलेले होते, काहींची धूळवाफ पेरणी झाली होती, बस. नंतर जूनचा पाऊस, मीठ गेलं. तौक्ते पण २०२१ च्या मे मध्ये आलं, तेच.

भाताला खरं भय सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचं. गरवं भात तेव्हा निसवत असतं किंवा दुधात असतं, पाऊस परतीला लागलेला असतो, म्हणजे धुवायला कोणी नाही, आणि अरबी समुद्रात वादळं व्हायचा दुसरा हंगाम तोच. क्यार आठवा, २०१९ चा ऑक्टोबर संपता संपता. ते कोकणावर आलंच नाही, बाहेरून समुद्रातून ओमानच्या दिशेने गेलं, पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लाटा गावात शिरल्या आणि कापायला आलेलं भात भिजून गेलं. त्या वेळी पाऊस इतका होता की मिठाचा प्रश्न मागे पडला, कोंब फुटायचा पुढे आला. फयान तर ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मधून आत गेलं, तेव्हा बरंचसं भात कापून झालं होतं, काही उडव्यात, काही खाचरातच पसरलेलं.

आतापर्यंत आपण तारखांमुळे वाचत आलोय एवढंच. क्यार तीन आठवडे आधी आणि कोरडं आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी तरी रात्री करत नाही.

हा करपा आहे की खारा वारा? ओळखायचं कसं?

औषधाचा डबा उघडायच्या आधी शेताला एक चक्कर मारा.

खाऱ्या वाऱ्याची पहिली खूण म्हणजे दिशा. समुद्राकडची कड जास्त जळलेली, आत जाल तसं कमी. घराच्या, झाडीच्या, उंच बांधाच्या आडोशाला असलेला तुकडा हिरवागार, जणू कोणी पट्टी लावून रेघ मारलीय. एकाच लोंबीची पण वाऱ्याकडची बाजू तांबूस आणि मागची हिरवी असं बघायला मिळतं. दुसरी खूण, ते एकटं भातावर नसतं. बांधावरची तूर, शेवगा, केळीची पानं, कुंपणावरची झाडं, सगळ्यांच्या कडा जळलेल्या दिसतात. रोग असा सगळ्या जातींना एका रात्रीत होत नाही. तिसरी, सगळं दोन-तीन दिवसांत दिसतं आणि मग थांबतं, पुढे पसरत नाही.

करप्याला पानावर डोळ्यासारखे ठिपके असतात, मध्ये राखाडी. कडा करपा कडेने पिवळा पट्टा धरून नागमोडी येतो आणि रोज वाढतो. इथे एक गोची आहे, वादळात फाटलेल्या पानांच्या जखमांतून कडा करप्याचे जिवाणू आरामात शिरतात, त्यामुळे आधी खारा वारा आणि आठ दिवसांनी त्यावरच कडा करपा असं पण होतं. म्हणून एकदा बघून सोडून देऊ नका.

आणि पांढऱ्या लोंब्या दिसल्या की लोंबी वरून धरून हलकी ओढून बघा. अलगद हातात आली तर तो खोडकिडा, बुडाशी अळीने कुरतडलेलं असतं. घट्ट राहिली तर खोडकिडा नाही, वाऱ्याचा संशय धरा.

अजून एक खेड्यातली खूण, वादळानंतर रात्री लाईटच्या पोलवर चिनीमातीच्या चिमण्यांपाशी ठिणग्या तडतडताना दिसल्या की समजा हवेतून मीठ बरंच आलंय.

किती आतपर्यंत जातं? आमचं शेत समुद्रापासून चार किलोमीटरवर आहे.

रोजच्या वाऱ्यात बहुतेक मीठ पहिल्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतं. वादळात मात्र काही किलोमीटर आत सहज जातं, त्यामुळे चार किलोमीटर म्हणजे सुटलो असं नाही. मध्ये डोंगर आहे की सपाट खारेपाट, गाव आहे की मोकळं, यावर सगळं आहे. खाडीच्या तोंडातून वारा बोगद्यासारखा आत येतो, तिथे किनाऱ्यापासून लांबच्या खाचरांना पण लागतं.

वादळ गेलं, पाऊस आला नाही. आता लगेच काय करू? पंपाने पाणी मारू का?

मारा, पण हिशोब करून. जे करायचं ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. एकदा टोकं पांढरी दिसायला लागली की धुऊन उपयोग नाही, मीठ आत गेलेलं असतं.

एका गुंठ्यावर १ मि.मी. पाऊस म्हणजे साधारण १०० लिटर पाणी. नीट धुवायला निदान ५ मि.मी. धरा, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे पाठीवरचे तीस-एकतीस पंप. एका गुंठ्याला! एकराला वीस हजार लिटर. पाठीवरच्या पंपाने एकर धुवायला निघालेला माणूस मी बघितलाय, तिसऱ्या गुंठ्यात बांधावर बसला. त्यामुळे पाठीवरचा पंप राबासाठी, बियाण्याच्या तुकड्यासाठी. मोठ्या शेताला विहिरीवर किंवा तळ्यावर इंजिन लावून पाईपने फवारा उंच उडवता आला तरच. पाणी गोडं आहे ना ते बघा, खाडीकाठच्या विहिरी ऑक्टोबरात मचूळ व्हायला लागतात, मचूळ पाण्याने मीठ धुणं म्हणजे चिखलाने पाय धुणं.

धुता येत नसेल तरी एक गोष्ट सगळ्यांना जमते, खाचरातलं पाणी सोडू नका. वादळ गेलं की लोक पहिलं कवाडं फोडून पाणी काढतात. फाटलेल्या पानातून पाणी भसाभस उडत असतं, मुळाशी पाणी नसेल तर लोंबी अजून लवकर वाळते. गोडं पाणी चार बोटं उभं ठेवा चार-पाच दिवस. अपवाद एकच, बांध फुटून खारं पाणी आत आलं असेल तर ते ताबडतोब काढा आणि गोडं घ्या. कुठलं पाणी आहे ते कळत नसेल तर जिभेला लावा, त्याला मीटर लागत नाही.

युरिया किंवा टॉनिक मारून हिरवं होईल का?

नाही. जळलेलं पान परत हिरवं होत नाही आणि निसवल्यावर नवीन पान येत नाही. युरियाने फक्त कडा करपा आणि तुडतुड्यांना जेवण मिळेल. फुटव्याच्या स्टेजला असेल तर आठवडाभर थांबून, नवीन पान दिसायला लागल्यावर नेहमीचा हप्ता द्या. पैसे वाचवा, पुढे कापणीची मजुरी आहेच.

क्षार सहन करणाऱ्या जाती लावल्या तर? पनवेल-३ वगैरे?

खारजमीन असेल तर लावाच, त्यात वादच नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ तिथल्याच. त्याआधी आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेले काळा राता, भुरा राता होते, गोव्यात खाजनात कोरगूट, केरळात पोक्काळी. ही सगळी खाऱ्यात उभी राहणारी भातं.

पण यांची ताकद मुळांमध्ये असते. मुळं मीठ आत घेत नाहीत किंवा घेतलं तर झाड ते जुन्या पानात कोंडून ठेवतं, शेंड्यापर्यंत जाऊ देत नाही. वरून लोंबीवर मीठ येऊन बसलं तर ही युक्ती तिथे चालत नाही, चोर पुढच्या दारातून येईल म्हणून कडी लावली आणि तो कौलं काढून आला. त्यामुळे "पनवेल-३ आहे, मला खाऱ्या वाऱ्याचं टेन्शन नाही" असं समजू नका.

जातीपेक्षा कामाला येतं ते वेळेचं वाटप. सगळं शेत एकाच मुदतीच्या भाताचं करू नका. थोडं हळवं, थोडं निमगरवं, जिथे पाणी शेवटपर्यंत टिकतं तिथे गरवं. जुनी माणसं असंच करायची, त्यांना मजूर एकदम मिळायचे नाहीत म्हणून असेल, पण वादळाचा एक फटका सगळ्या निसवणीला एकदम बसत नाही हा त्यातला फायदा. सगळ्यांनी एकच जात एकाच आठवड्यात लावली तर आपण सगळी अंडी एकाच टोपलीत घेऊन किनाऱ्यावर उभे आहोत.

सुरूची झाडं लावून खरंच फायदा होतो?

होतो. झाडी दोन कामं करते, वारा मंदावते आणि हवेतलं मीठ स्वतःच्या पानांवर घेते. जपानमध्ये त्याच यामागातातल्या शोनाई किनाऱ्यावर काळ्या पाइनचं लांबच लांब रान आहे, ते आपोआप उगवलेलं नाही. अठराव्या शतकात साकाता गावातल्या होन्मा मित्सुओका नावाच्या सावकार-जमीनदाराने वाळू आणि वारा थोपवायला तिथे झाडं लावायला घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवलं. सावकाराने शेतकऱ्याच्या फायद्याचं काहीतरी केलं, वाचून खारेपाटातल्या माणसाला जरा गंमतच वाटते, आपल्याकडे १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात खोत-सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला तो सहा वर्षं चालला.

आपल्याकडे किनाऱ्याला सुरूची बनं आहेत, पण निसर्गमध्ये त्यातली खूप आडवी झाली. सुरू लवकर वाढतो पण मोठ्या वादळात उन्मळतो, म्हणून एकट्या सुरूची रांग लावू नका. खाली केवडा, मध्ये उंडी, करंज, मागे सुरू असं दाट-विरळ मिसळून. भिंतीसारखं एकदम बंद पण नको, बंद भिंतीच्या मागे वारा भोवरा करून खाली आपटतो, थोडी झिरपणारी झाडी बरी. आणि खाडीकडची तिवरं तोडू नका, ती लाट अडवून बांध वाचवतात. झाडीचा आडोसा उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत चांगला मिळतो, दहा मीटरची झाडं असतील तर शंभर-दीडशे मीटर. तेवढ्यात आपली दोन-तीन खाचरं बसतात. बांधालगतच्या दोन ओळींना सावली लागते, ते सोसायचं.

वादळाचा इशारा आला. आधीच कापून घेऊ का?

लोंबीतले साधारण ८५ टक्के दाणे पिवळे-कडक झाले असतील तर हो, कापा, आणि कापलेलं त्याच दिवशी घरात किंवा ताडपत्रीखाली. कापून खाचरात पसरून ठेवलेलं भात हे उभ्या भातापेक्षा वाईट, ते भिजतं आणि कोंब धरतं. नेण्याची सोय नसेल तर उभंच राहू द्या. दाणा दुधात असेल तर कापण्यात काही अर्थ नाही, हिरवा दाणा कापून पळींजच मिळणार. फक्त पेंढ्यासाठी कापायचं असेल तर तो वेगळा विषय.

पंचनामा आणि विमा?

इथेच माणूस सगळ्यात जास्त रडतो. सरकारी मदतीसाठी नुकसान निदान ३३ टक्के दिसावं लागतं, आणि वर हिशोब केला तसा ३५ टक्के तोटा बांधावरून "बरं आहे की हो" असा दिसतो. आमच्याकडे एकदा पंचनाम्याला आलेले साहेब रस्त्यावरूनच म्हणाले, हिरवं तर आहे. हिरवं होतंच, दाणा नव्हता. तेव्हापासून मी चौरस मीटरची लाकडी चौकट करून ठेवलीय. चार ठिकाणी टाकायची, आतल्या लोंब्या कापायच्या, भरलेले आणि पोचट दाणे वेगळे करून कागदावर ठेवायचे आणि आडोशाच्या हिरव्या तुकड्यातल्या लोंब्या शेजारी ठेवायच्या. मग बोलायला लागत नाही. फोटोत तारीख आणि लोकेशन येईल असं बघा, ई-पीक पाहणी वेळेत केलेली असू द्या, सातबाऱ्यावर भाताची नोंदच नसेल तर पुढचं सगळं हवेत.

विम्याचं, १ रुपयात विमा २०२३ च्या खरिपापासून होता तो २०२५ च्या खरिपात बंद झाला, शेतकऱ्याला २ टक्के हप्ता आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगात निघणाऱ्या उत्पन्नावर गेली. हा प्रयोग महसूल मंडळाच्या सरासरीवर चालतो. खाऱ्या वाऱ्याचं नुकसान मात्र किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात असतं, मंडळातली आतली गावं चांगली पिकली की सरासरीत आपला पट्टा बुडतो. अटी दर वर्षी बदलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीच्या वाचा, सेंटरवाल्याने "सही करा" म्हटलं म्हणून करू नका.

खारा वारा लागलेलं भात बियाण्याला ठेवलं तर चालेल? आणि खायला?

खायला काही प्रॉब्लेम नाही, मीठ तुसावर असतं, आतला तांदूळ खारट लागत नाही. कणी जास्त निघेल तेवढंच. बियाण्याला शक्यतो आडोशाच्या तुकड्यातलं घ्या. नाइलाजच असेल तर मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाका, बुडालेलं साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठव्या दिवशी मोजा. ८० च्या खाली आले तर बाहेरून बियाणं आणा. पेंढा गुरं खातात, उलट खारट म्हणून चवीने खातात, पाणी जास्त पितात, पाटी भरलेली ठेवा. बुरशी आलेला असेल तर मात्र नको, तो खतात टाका.